स्टड्स टर्कल: एक शहर, एक स्टेशन आणि ४५ वर्षांची बोलणी

ट्रान्झिस्टर

शिकागोत डब्ल्यूएफएमटी नावाचं एक रेडिओ स्टेशन आहे, ९८.७ एफएम, पाश्चात्य शास्त्रीय संगीताचं. बर्नार्ड आणि रीटा जेकब्स या नवराबायकोने १९५१ मध्ये सुरू केलेलं. तिथे १९५२ पासून १९९७ पर्यंत सोमवार ते शुक्रवार तासभर एकच माणूस कुणाला तरी समोर बसवून बोलतं करायचा. पाहुणे लेखक, गायक, नट, शास्त्रज्ञ, चळवळीतली माणसं, आणि अधूनमधून असेही लोक ज्यांना आयुष्यात कुणी मुलाखतीला बोलावलं नव्हतं. तो माणूस स्टड्स टर्कल. साधारण ५६०० कार्यक्रम झाले त्याचे. मी गेली काही वर्षं त्याच्या टेप ऐकतोय आणि मला मनापासून वाटतं की रेडिओवर मुलाखत घेणाऱ्या, पॉडकास्ट करणाऱ्या, वस्तीत जाऊन लोकांचं ऐकून लिहिणाऱ्या प्रत्येकाने ह्याला ऐकावं, म्हणून हा धागा. लांबला तर लांबू दे.

खरं नाव लुई. जन्म १६ मे १९१२, न्यूयॉर्कचा, आईवडील रशियातून आलेले ज्यू, वडील शिंपी. लहानपणीच कुटुंब शिकागोला आलं आणि आईवडिलांनी वेल्स आणि ग्रँड या रस्त्यांच्या कोपऱ्यावर एक छोटं हॉटेल चालवायला घेतलं, हॉटेल म्हणजे आपल्याकडच्या खाणावळीसकट लॉजिंगसारखं, महिनोन्महिने राहणारे कामगार, फिरते कारागीर, निवृत्त म्हातारे. लॉबीत रोज वाद. युनियनवाले एका बाजूला, युनियनला शिव्या देणारे दुसऱ्या बाजूला, आणि हा पोरगा मध्ये बसून ऐकतोय. जवळच वॉशिंग्टन स्क्वेअर नावाची बाग, लोक तिला बगहाउस स्क्वेअर म्हणायचे, तिथे कुणीही खोक्यावर उभं राहून भाषण ठोकावं आणि समोरच्यांनी त्याला वाट्टेल ते प्रश्न विचारावेत अशी रीत. माझ्या मते ह्याचं खरं शिक्षण ह्या दोन जागी झालं. कागदावरचं शिक्षण म्हणाल तर शिकागो विद्यापीठाची कायद्याची पदवी, १९३४ ची, पण वकिली कधी केली नाही.

मंदीचा काळ होता. सरकारने बेकार लेखकांना काम द्यायला फेडरल रायटर्स प्रोजेक्ट काढलं होतं, त्याच्या रेडिओ विभागात तो लागला, स्क्रिप्ट लिहायला. मग रेडिओच्या मालिकांमध्ये आवाज द्यायला लागला, आणि आवाज असा घोगरा की वाट्याला बहुतेक गुंडांचीच कामं. स्टड्स हे नाव त्याच काळात चिकटलं, तेव्हा शिकागोवरच्या एका गाजलेल्या कादंबरीतल्या नायकाचं ते नाव होतं आणि हा ती कादंबरी सतत वाचत असायचा. १९३९ मध्ये आयडाशी लग्न झालं, ती समाजसेविका होती, आणि साठ वर्षांचा संसार झाला. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात गेला पण कानाचे पडदे फाटलेले निघाले म्हणून परत पाठवला. अशा कानांचा माणूस पुढे अर्धं शतक ऐकण्याचंच काम करतो, मला हे फार मोठं वाटतं.

आता मुख्य गोष्ट. १९५० च्या आसपास टीव्ही नवीन होता आणि शिकागोतून ह्याचा एक कार्यक्रम देशभर दिसायचा, स्टड्स प्लेस नावाचा. एका छोट्या खानावळीत माणसं येतात, बोलतात, गातात, बस्स. लिहिलेले संवाद नाहीत, नुसती रूपरेषा ठरवायची आणि नटांनी तिथल्या तिथे बोलायचं. लोकांना आवडत होता. पण तो काळ सिनेटर मॅकार्थीचा, कम्युनिस्ट असल्याच्या नुसत्या संशयावरून लोकांची कामं जायची. ह्याने काळ्यांवरच्या भेदभावाविरुद्धच्या, मतदानावर लावलेल्या कराविरुद्धच्या अर्जांवर सह्या केलेल्या होत्या. चॅनेलचा माणूस आला आणि म्हणाला की ह्या अर्जांच्या मागे कम्युनिस्ट आहेत, तू फक्त एवढं जाहीर कर की मला फसवून सही घेतली. हा नाही म्हणाला. कार्यक्रम बंद, आणि पुढे टीव्हीवर कुणी उभं करेना.

घरात बसलेला असताना एक दिवस रेडिओवर लोकगीतं गाणाऱ्या वुडी गथ्रीचं गाणं लागलं. शास्त्रीय संगीताच्या स्टेशनवर गथ्री लावणारे हे कोण लोक म्हणून ह्याने फोन केला आणि मला काम द्या म्हणाला. तेव्हा स्टेशनकडे पैसे नव्हते आणि ह्याच्याकडेही नव्हते. तिथून पुढे ४५ वर्षं. टीव्ही गेला नसता तर तो कदाचित एक बऱ्यापैकी नट म्हणून राहिला असता. त्या एका "नाही"ने त्याला एका लहान स्टेशनवर आणून बसवलं आणि तिथे त्याला त्याचं काम सापडलं. म्हणून मला त्याचं सगळं करिअर त्या नकारापासून सुरू झाल्यासारखं वाटतं.

त्याच्या तयारीबद्दल लिहितो कारण ते आजच्या लोकांनी शिकण्यासारखं आहे. लेखक येणार असेल तर पुस्तक अख्खं वाचलेलं, पानापानावर खुणा, समासात टिपणं. स्वतः लेखक ते पुस्तक बघून थक्क व्हायचे. पण समोर प्रश्नांची यादी ठेवून टिकमार्क करत जायचं नाही. काळा लेखक जेम्स बाल्डविन १९६१ मध्ये आला, तर ह्याने सुरुवातीला काही विचारलंच नाही, बेसी स्मिथची एक ब्लूजची रेकॉर्ड लावली. का, तर बाल्डविनने पहिली कादंबरी स्वित्झर्लंडमधल्या एका डोंगरातल्या गावात राहून पुरी केली तेव्हा तो बेसी स्मिथच्या रेकॉर्डी ऐकायचा. रेकॉर्ड संपली आणि बाल्डविन बोलायला लागला तो घरच्या माणसाशी बोलावं तसा. प्रश्न म्हणून गाणं वापरायचं हे मी दुसऱ्या कुणाकडे असं पाहिलेलं नाही.

१९६३ मध्ये गायक बॉब डिलन आला, जेमतेम एकवीस वर्षांचा, फार कुणाला माहीत नसलेला. मार्टिन लूथर किंग १९६४ मध्ये. ती मुलाखत स्टुडिओत झालीच नाही, चर्चची भक्तिगीतं गाणाऱ्या महालिया जॅक्सनच्या घरी झाली. महालिया जॅक्सनची गोष्ट वेगळी सांगायला पाहिजे, प्रतिसादात लिहीन. प्रत्येक कार्यक्रम संपवताना एकच वाक्य, टेक इट ईझी, बट टेक इट.

२००८ मध्ये ३१ ऑक्टोबरला तो गेला, ९६ वर्षांचा, ओबामा निवडून यायच्या चार दिवस आधी.

अबोली

किती छान लिहिलंय. मी हे नाव फक्त वर्किंग ह्या पुस्तकामुळे ऐकलं होतं, रेडिओवाला होता हे माहीतच नव्हतं!! वर्किंग १९७४ चं, शंभराहून जास्त लोक आपापल्या कामाबद्दल बोलतात, वेट्रेस, कबर खणणारा, पियानो सुरात लावणारा, गवंडी, आगीचा बंब घेऊन जाणारा. मला त्यातला पोलाद कारखान्यातला कामगार विसरता येत नाही, तो म्हणतो की एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या एका कडेला वरपासून खालपर्यंत एक पट्टी असावी आणि तिच्यावर प्रत्येक गवंड्याचं, प्रत्येक इलेक्ट्रिशियनचं नाव असावं, म्हणजे जाता येता माणूस पोराला बोट करून दाखवू शकेल की तो बघ पंचेचाळिसावा मजला, तिथली तुळई मी बसवली. मी बांधकाम क्षेत्रातच आहे, साइटवर रोज बिहारचे, बंगालचे, मराठवाड्याचे लोक असतात, हे वाचल्यापासून मी त्यांची नावं विचारायला लागले आणि लक्षात ठेवायला लागले.

पुस्तकं आणि रेडिओ ह्यांचा संबंध कसा काय, तेच लोक का?

ट्रान्झिस्टर

अबोली, थोडे तेच, बरेच वेगळे. झालं असं की आंद्रे शिफरिन नावाचा एक संपादक होता, त्याने चीनमधल्या एका खेड्यातल्या लोकांच्या मुलाखतींचं पुस्तक काढलं होतं, त्याने टर्कलचे रेडिओ कार्यक्रम वाचले-ऐकले आणि म्हणाला शिकागो हे तुझं खेडं समज आणि असंच कर. त्यातून १९६७ मध्ये डिव्हिजन स्ट्रीट आलं. मग १९७० मध्ये मंदीच्या आठवणींचं हार्ड टाइम्स, मग वर्किंग, मग दुसऱ्या महायुद्धावरचं द गुड वॉर, त्याला १९८५ चं पुलित्झर. म्हणजे पहिलं मोठं पुस्तक आलं तेव्हा माणूस जवळजवळ ५५ वर्षांचा होता! आणि एवढं नाव झाल्यावरही नोकरी तीच, स्टेशन तेच.

पुस्तकांच्या मुलाखतींसाठी तो टेपरेकॉर्डर खांद्याला लावून लोकांच्या घरी जायचा. गाडी कधी शिकलाच नाही, सगळं बसने. आणि टेपरेकॉर्डर चालवण्यात अतिशय कच्चा, बटणं चुकायची, मार्था ग्रॅहमसारख्या नर्तिकेची मुलाखत त्याच्या हातून पुसली गेली. पण त्याचं म्हणणं असं की समोरच्या बाईने दोनदा सांगितलं की अहो ते चाक फिरत नाहीये, की तिची भीती जाते, तिला कळतं की हा काही साहेब नाही, ह्याला माझी मदत लागते.

सुरुवातीच्या दिवसातली एक आठवण तो आयुष्यभर सांगत राहिला. सरकारी चाळीसारख्या वसाहतीत एक तरुण गरीब आई, भोवती तिची पोरं नाचतायत, त्यांना टेपवर आईचा आवाज ऐकायचाय. ह्याने रेकॉर्डिंग वाजवून दाखवलं. बाईने तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली की मला असं वाटतं हे मला माहीतच नव्हतं. मला ह्याच्या सगळ्या पुरस्कारांपेक्षा हा प्रसंग मोठा वाटतो.

लेकव्ह्यू_काका

ट्रान्झिस्टर, धागा उघडला आणि आमचं सगळं तरुणपण समोर आलं बघा. मी सत्तरच्या दशकात शिकायला शिकागोला आलो. तेव्हा इथे मराठी माणसं मोजकीच, महाराष्ट्र मंडळ १९६९ मध्ये निघालेलं, गणपतीला आणि दिवाळीला भेटायचो, बाकी आठवडाभर कॉलेज, बर्फ आणि खोली. माझ्या खोलीवरच्या जुन्या रेडिओवर डब्ल्यूएफएमटी लागायचं ते आधी संगीतासाठी. एक दिवस हा आवाज लागला, भराभर बोलणारा, मध्येच हसणारा, समोरच्याच्या वाक्याला हं हं करत पुढे ढकलणारा. मला पहिल्यांदा अर्धंच इंग्लिश कळायचं. पण माणसाला समोरच्यात खरा रस आहे हे कळायला भाषा पुरी यावी लागत नाही.

अमेरिका म्हणजे काय हे मला वर्गात कुणी शिकवलं नाही, ह्याने शिकवलं. दक्षिणेतून आलेले काळे लोक शिकागोच्या साउथ साइडला का राहतात, कोळशाच्या खाणी बंद पडल्यावर अॅपलाचियाच्या डोंगरातले गोरे गरीब शिकागोच्या अपटाउन भागात कसे आले, युनियन काय असते, हे सगळं.

त्या स्टेशनची अजून एक गोष्ट सांगतो, तिथे रेकॉर्ड केलेल्या जाहिराती लावत नसत, निवेदकच कागदावरून वाचून दाखवायचा. त्यामुळे तासभराच्या बोलण्यात मध्येच कुणी किंचाळत साबण विकतंय असं व्हायचं नाही. टर्कलसारखा कार्यक्रम टिकायला तसं स्टेशन लागतं, हे विसरू नये.

रस्त्यात दिसायचा हो तो. लाल चौकड्यांचा शर्ट, लाल मोजे, हातात सिगार, आणि बसची वाट बघत स्टॉपवर कुणाशी तरी बोलत उभा.

गिरणगावकर

काकांनी बसस्टॉपचा विषय काढला म्हणून. टर्कलची बसस्टॉपवरची एक गोष्ट मी एका भाषणात ऐकलीये, ती इथे सांगितलीच पाहिजे कारण ती आपल्याशी जोडलेली आहे. १४६ नंबरच्या बसच्या स्टॉपवर रोज एक भारी कपड्यातलं तरुण जोडपं असायचं, ह्याच्याशी कधी बोलायचे नाहीत. एक दिवस लेबर डे, म्हणजे अमेरिकेतला सप्टेंबरमधला कामगार दिन, जवळ आला म्हणून ह्याने युनियनचा विषय काढला तर तो तरुण म्हणाला आम्हाला युनियनचा तिटकारा आहे. ह्याने विचारलं, तुम्ही दिवसाचे किती तास काम करता? आठ. मग अठरा का नाही करत, तुझे पणजोबा करायचे? कारण १८८६ मध्ये ह्याच शहरात हेमार्केटला आठ तासांसाठी लढा झाला आणि चार माणसं फासावर गेली, तुझ्यासाठी गेली.

आता बघा, १ मे जगभर कामगार दिन का, तर त्या शिकागोच्या लढ्यामुळे. आणि आपल्या राज्याचा स्थापना दिवस १ मे १९६०. आमच्या लालबाग परळला १ मे म्हणजे दोन्ही एकत्र. आणि हेमार्केटच्या आसपासच्याच काळात इकडे नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी करत होते, १८८४ मध्ये, आणि रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली ती त्यांच्यामुळे. आज शनिवार-रविवार सुट्टी घेणाऱ्या किती जणांना लोखंडे माहीत आहेत? टर्कल मुंबईत असता तर बेस्टच्या स्टॉपवर उभं राहून त्याने हेच विचारलं असतं.

माझे वडील गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी लहान. दत्ता सामंत, अडीच लाख कामगार, हे आकडे सगळीकडे आहेत. पण माझ्या आईने ते दीड वर्ष घर कसं चालवलं हे कुठल्या पेपरात नाही. म्हणून नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या लोकांच्या मुलाखती घेऊन २००४ मध्ये जे मोठं पुस्तक केलं त्याची किंमत मला फार वाटते. ते आपलं टर्कलचं काम आहे. पण ते पुस्तक आहे. आवाज हवा होता रेडिओवर, रोज, तेव्हाच्या तेव्हा.

खडूस_वाचक

चांगला धागा, पण दोन गोष्टी सांगतो, राग मानू नका. एक, टर्कल उघडउघड डावा होता आणि त्याचे प्रश्नही तसेच असायचे, म्हणजे कामगाराला त्याच्या कामाबद्दल विचारताना त्यात दुःख आहेच हे गृहीत धरून विचारायचं. आपलं काम आवडणारे लोक त्याच्या पुस्तकात कमी दिसतात. दोन, इतिहासाच्या अभ्यासकांनी त्याच्यावर घेतलेला आक्षेप, की तो छापताना स्वतःचे प्रश्न काढून टाकायचा, उत्तरांची जागा बदलायचा, आणि मग वाचणाऱ्याला वाटतं की माणूस आपणहून सलग एवढं सुंदर बोलला. ते सलग बोलणं टर्कलने घडवलेलं आहे. साक्ष म्हणून वापरायचं तर जपून.

ट्रान्झिस्टर

राग कसला, हे बोलायलाच हवं होतं.

दुसरा मुद्दा आधी घेतो. मान्य आहे की छापील मजकूर घडवलेला आहे, तासन्तासाच्या टेपमधून काही पानं निवडायची तर घडवावंच लागतं. पण म्हणूनच मी रेडिओला जास्त मानतो. रेडिओवर त्याचे प्रश्न ऐकू येतात, तो कुठे ढकलतोय, कुठे समोरचा त्याला अडवतोय की तसं नाही हो, हे सगळं ऐकू येतं. आणि आता टेप उघड्या आहेत. स्टेशनने ते सगळं शिकागो हिस्ट्री म्युझियमला दिलं, लायब्ररी ऑफ काँग्रेसने टेप डिजिटल करायला घेतल्या, आणि १६ मे २०१८ ला त्याच्या वाढदिवसाला वेबसाइट सुरू झाली, हजाराहून जास्त कार्यक्रम फुकट ऐकता येतात. कुणीही तपासून बघावं.

पहिल्या मुद्द्यावर मात्र मी पूर्ण सहमत नाही. मतं त्याने कधी लपवली नाहीत, पण विरुद्ध मताच्या माणसाला त्याने कधी हिणवलं नाही. सी. पी. एलिस हा डरहॅम गावातला कू क्लक्स क्लान ह्या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या संघटनेचा पुढारी, गोरा, गरीब, काळ्यांचा द्वेष करणारा. १९७१ मध्ये गावातल्या शाळांच्या प्रश्नावर एका समितीत त्याला अॅन अॅटवॉटर ह्या काळ्या कार्यकर्तीबरोबर बसावं लागलं आणि तो हळूहळू बदलला, पुढे युनियनचं काम करायला लागला. टर्कलने ह्या माणसाला बोलायला किती जागा दिली बघा. बापाचं दारिद्र्य, स्वतःचा पेट्रोल पंप, कर्ज, कितीही राबलं तरी हातात काही नाही, मग कुणावर तरी राग काढायचा म्हणून क्लान, हे सगळं तो माणूस स्वतः सांगतो. टर्कल मध्ये येऊन त्याचा निवाडा करत नाही. आपल्याकडे रोज रात्री टीव्हीवर जी भांडणं लागतात त्यांच्यात एका तरी माणसाला अशी पंधरा मिनिटं सलग मिळतात का?

आणि कामगाराच्या दुःखाचं म्हणाल तर वर्किंगमधला गवंडी ऐका, त्याला आपलं काम इतकं आवडतं की रस्त्याने जाताना जुन्या भिंती बघत जातो. वेट्रेससुद्धा टेबलावर बशी कशी ठेवते ह्याचा अभिमान सांगते.

अबोली

ती महालिया जॅक्सनची गोष्ट राहिली!

ट्रान्झिस्टर

हो हो. चाळीसच्या दशकात टर्कल रेडिओवर रेकॉर्डी लावायचा, वॅक्स म्युझियम नावाच्या कार्यक्रमात, ऑपेरा, जॅझ, लोकगीतं सगळं एकत्र. महालिया जॅक्सन तेव्हा काळ्यांच्या चर्चमध्ये दैवत होती पण गोऱ्या श्रोत्यांना नावही माहीत नव्हतं, ह्याने तिच्या रेकॉर्डी लावायला सुरुवात केली आणि दोघांची मैत्री झाली. पुढे १९५४ मध्ये सीबीएस ह्या बड्या रेडिओ-टीव्ही कंपनीने तिला रेडिओवर स्वतःचा कार्यक्रम दिला, तिने अट घातली की लिहायला आणि निवेदनाला स्टड्स पाहिजे. मग वरून एक माणूस आला कागद घेऊन, की मी देशाशी निष्ठावान आहे अशी सही कर. ह्याने नाही म्हटलं. महालियाने काय चाललंय विचारलं, आणि सांगून टाकलं की स्टड्सला काढायचा असेल तर दुसरी महालिया शोधा. विषय तिथेच मिटला. टर्कल नेहमी सांगायचा की त्या खोलीत एवढी मोठी कंपनी होती पण घाबरली नाही ती एकटी महालिया. ती काळी बाई १९५४ च्या अमेरिकेत हे बोलते, विचार करा.

पुणेरी_कट्टा

मला एक कळत नाही, आपल्याकडे असा माणूस का झाला नाही? आकाशवाणीवर मुलाखती व्हायच्या, मुंबई केंद्राची कामगार सभा आमच्या घरी रोज लागायची, वनिता मंडळ लागायचं. लोक ऐकायचे. मग?

गिरणगावकर

कामगार सभा आमच्याकडेही. पण तिथे कामगाराला उपयोगी माहिती आणि गाणी मिळायची, कामगार स्वतः तासभर बोलतोय असं क्वचित.

ट्रान्झिस्टर

कारण माणसात नाही, व्यवस्थेत आहे असं माझं मत. आकाशवाणी सरकारची. गावोगावी खाजगी स्टेशन असणं, आणि त्यातल्या एखाद्या लहान स्टेशनच्या मालकाने एका काळ्या यादीतल्या माणसाला रोजचा तास देणं, हे आपल्याकडे शक्यच नव्हतं. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यानंतर खाजगी एफएम आलं, पण त्यांना आजही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीचीच बातमीपत्रं लावता येतात. मग उरतं काय, गाणी, ट्रॅफिक आणि प्रँक कॉल. आरजे लोकांमध्ये गुण नाहीत असं मी अजिबात म्हणत नाही, त्यातल्या कितीतरी जणांचं मराठी गोड आहे, हजरजबाबीपणा आहे, पण त्यांना दोन गाण्यांच्या मध्ये अर्धा मिनिट मिळतो. टर्कलला तास मिळायचा.

सामुदायिक रेडिओ हा त्यातला मोकळा कोपरा. २००६ मध्ये नियम बदलले आणि सामाजिक संस्थांना परवाने मिळायला लागले.

माणदेशी_मेंढका

म्हसवडचा आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे माणदेशी तरंग आहे, ९०.४ वर. गावातल्या बायका बोलतात, शेळ्यांचं, पाण्याचं, बचत गटाचं, आणि आमच्या माणदेशी बोलीत बोलतात, पुण्याच्या नाही. माझी आजी एकदा ओव्या म्हणायला गेली होती. नंतर आठवडाभर बाजारात लोक तिला थांबवून सांगत होते की तुमचा आवाज ऐकला. त्यामुळे वरची ती टेपवर आवाज ऐकणारी बाई मला लगेच समजली. फक्त आमच्या रेडिओचा आवाज पंधरा-वीस किलोमीटरच्या पुढे जात नाही, आणि जुनं रेकॉर्डिंग नीट ठेवायला माणूस आणि पैसा लागतो.

लेकव्ह्यू_काका

मेंढका, तुमच्या आजींचं रेकॉर्डिंग मिळवून ठेवा. टर्कलचं सगळं राहिलं ते स्टेशनने टेप फेकल्या नाहीत म्हणून.

शेवटच्या काळातला स्टड्स मी प्रत्यक्ष पाहिलाय, एका कार्यक्रमात. ऐकू येत नव्हतं, दोन्ही कानात यंत्रं. आयडा १९९९ मध्ये गेलेली. तरी प्रेक्षकातून कुणी प्रश्न विचारला की पुढे वाकून, कानामागे हात धरून, आधी त्याचं नाव विचारायचा आणि तू काय करतोस विचारायचा, उत्तर नंतर. त्र्याण्णवाव्या वर्षी हृदयाचं मोठं ऑपरेशन करून घेतलं आणि त्यानंतर आत्मचरित्र लिहिलं, २००७ मध्ये. आणि २००६ मध्ये, म्हणजे चौऱ्याण्णवाव्या वर्षी, लोकांच्या फोनच्या नोंदी सरकारला दिल्या म्हणून एटी अँड टी कंपनीवर इतर काही जणांबरोबर कोर्टात दावा लावला!

खडूस_वाचक

किंग आणि बाल्डविन दोन्ही ऐकल्या काल रात्री. प्रश्नांबद्दलचं माझं मत थोडं बदललं, सगळं नाही. बाल्डविनला तो मध्येच तोडतो तिथे मला अजूनही खटकतं. पण गाणं लावून सुरुवात केल्यावर बाल्डविनचा आवाज जो खाली येतो ते कागदावर कधीच कळलं नसतं. आता साध्या माणसांच्या मुलाखती शोधतोय, कुठून सुरू करू?

ट्रान्झिस्टर

१९६३ मध्ये काळ्यांच्या हक्कांसाठी निघालेल्या वॉशिंग्टनच्या मोर्चाला शिकागोहून जी रेल्वे गेली तिच्यातून टर्कल टेपरेकॉर्डर घेऊन गेला होता, तो कार्यक्रम आधी ऐक, धिस ट्रेन नावाने आहे. डब्यात गाणी चाललीयत, बायका मुलांना खायला देतायत, म्हातारे दक्षिणेतल्या आठवणी सांगतायत. बहुतेक साधी माणसं त्यात. नंतर बॉर्न टू लिव्ह ऐक, अणुबॉम्बच्या भीतीच्या काळातला, अनेक आवाज आणि गाणी जोडून केलेला, त्याला १९६२ मध्ये प्री इटालिया हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता.

गिरणगावकर

ट्रान्झिस्टर, एक विचारायचं होतं. वडिलांच्या खात्यातले दोघं जण अजून आहेत, एक चिंचपोकळीला आणि एक गावी, कणकवलीकडे. आईही आहे. मोबाइलवर रेकॉर्ड करू का? आणि काय विचारू, संपाचं विचारलं की सगळे तेच तेच बोलतात, सामंत असे होते आणि मालक तसे होते.

ट्रान्झिस्टर

नक्की कर, आणि आईपासून कर. मोबाइल चालतो, फक्त फॅन बंद ठेव, फोन तिच्या जवळ एखाद्या जाड टॉवेलवर ठेव, विमान मोडवर टाक म्हणजे मध्येच कॉल येणार नाही, आणि सुरुवातीला तिच्याच तोंडून नाव, गाव आणि तारीख बोलून घे. संपाचं विचारूच नकोस सुरुवातीला. पहाटेचा भोंगा व्हायचा तेव्हा ती काय करत असायची ते विचार, डब्यात काय असायचं, पगाराच्या दिवशी घरात काय यायचं, कुठल्या दुकानात उधारी होती आणि दुकानदाराने ती कधी बंद केली. संप आपोआप येईल त्यात. ती गप्प झाली तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नकोस, थांब थोडा. आणि झाल्यावर तिला ऐकव.

फाइलची एक कॉपी दुसरीकडे ठेव त्याच दिवशी, पुढच्यावर टाकू नकोस. कणकवलीच्या काकांकडे शिमग्याला जाणार असशील तर तेव्हा निवांत वेळ मिळेल, दोन बैठका कर, पहिल्या बैठकीत माणूस जे सांगायचं ठरवून बसलेला असतो तेच सांगतो.